इंटेलिजन्स सार्जंटचं मिलिटरी मेडल : कडेवरच्या नावापासून युद्धडायरीपर्यंत

ब्रिटिश लष्कराचं मिलिटरी मेडल पहिल्यांदा हातात घेतलं की एकच प्रश्न पडतो : या माणसाने नेमकं केलं काय? पदक त्याचं उत्तर देत नाही. मागच्या बाजूला मुकुट, राजाची आद्याक्षरं, भोवती लॉरेलच्या पानांची माळ आणि मधोमध ‘फॉर ब्रेव्हरी इन द फील्ड’ एवढे शब्द. पहिल्या महायुद्धात हे पदक १,१५,००० हून जास्त जणांना मिळालं, दुसऱ्या महायुद्धात १५,००० च्या वर. सगळ्यांवर मजकूर तोच.

त्यातल्या एकाच प्रकारच्या माणसाचा माग कसा काढायचा ते इथे सांगतो. तो माणूस म्हणजे पायदळाच्या पलटणीतला, म्हणजे बटालियनमधला, इंटेलिजन्स सार्जंट. एखाद्याने मशीनगनचा मोर्चा जिंकला तर ते दहाजणांनी पाहिलेलं असतं आणि कुठे ना कुठे लिहिलं जातं. इंटेलिजन्स सार्जंटचं तसं नाही. पलटणीची रोजची नोंद, नकाशे, गस्तीचे अहवाल या कागदांवर त्याचा आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्या अधिकाऱ्याचा हात फिरलेला असतो, आणि त्यात स्वतःचं नाव तो सहसा घालत नाही. म्हणून त्याला नावावरून कमी आणि कामावरून जास्त ओळखावं लागतं.

आधी त्याचं काम समजून घ्या

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश पायदळ पलटणीत आठशेच्या आसपास माणसं असत. त्यात इंटेलिजन्स सेक्शन अगदी छोटा : एक तरुण अधिकारी, एक सार्जंट आणि मूठभर जवान. हे लोक गुप्तहेर नव्हते. गणवेशात, आघाडीवर, बहुतेक वेळा सगळ्यात पुढच्या कंपनीच्याही पुढे असत.

दिवसा टेहळणीच्या जागेवरून समोरच्या उतारावर काय हललं, कुठून धूर आला, तोफेचा आवाज कोणत्या दिशेने आणि किती वाजता आला हे टिपायचं. पलटणीच्या मुख्यालयातला नकाशा तासातासाला ताजा ठेवायचा. रात्री गस्त निघण्याआधी तिला वाट समजावून द्यायची आणि पहाटे परतलेल्या, झोपेने पेंगणाऱ्या माणसांना एकेक प्रश्न विचारून त्यांनी काय पाहिलं ते काढून घ्यायचं. पकडलेल्या शत्रूसैनिकाच्या खांद्यावरच्या पट्ट्या आणि खिशातलं पगारपुस्तक पाहून समोर कोणती तुकडी आहे ते ओळखायचं. हल्ल्याच्या रात्री पुढे जाऊन कंपन्या जिथून निघणार तिथे पांढरी फीत अंथरायची, म्हणजे अंधारात कोणी भरकटू नये. वाळवंटात रात्री होकायंत्र धरून आणि पावलं मोजत पलटणीला नेण्याची जबाबदारीही याच माणसांवर पडे.

पुढे कागद वाचताना ही कामं डोळ्यांपुढे ठेवा. पदकासाठी वरिष्ठांनी लिहिलेल्या शिफारसपत्रात ‘फीत’, ‘टेहळणी’, ‘वाटाड्या’, ‘टेलिफोनची तार’ असे उल्लेख आले की हा माणूस कोण असावा याचा अंदाज बांधता येतो.

पहिली पायरी : पदकाची कड वाचा

मिलिटरी मेडल मार्च १९१६ मध्ये सुरू झालं आणि १९९३ मध्ये बंद झालं. त्यानंतर मिलिटरी क्रॉस हेच पदक सर्व हुद्द्यांना मिळू लागलं. त्याआधी वाटणी ढोबळमानाने अशी होती : मैदानातल्या शौर्यासाठी अधिकाऱ्याला मिलिटरी क्रॉस, बाकीच्यांना मिलिटरी मेडल. फीत गडद निळी, मधोमध तीन पांढरे आणि दोन किरमिजी उभे पट्टे. फितीवर मात्र विसंबू नका. घराघरांत जुन्या फिती कुजून जातात आणि हाती येईल ती दुसरी लावली जाते.

समोरच्या बाजूला कोणता राजा आहे ते पाहा. पाचवा जॉर्ज असेल तर बहुतेक पहिलं महायुद्ध, सहावा जॉर्ज असेल तर दुसरं. सहाव्या जॉर्जच्या नाण्यासारख्या गोल मजकुरात ‘इंडिए इम्प’, म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट, ही अक्षरं असतील तर तो साचा १९४८ च्या आधीचा.

आता भिंग घ्या आणि खिडकीजवळ बसा. पदक आडवं धरून कड हळूहळू फिरवा, उजेड तिरपा पडू द्या. ठोकून उमटवलेली इंग्रजी अक्षरं दिसतील : सैनिक क्रमांक, हुद्दा, आद्याक्षरं आणि आडनाव, मग रेजिमेंट. सार्जंटचं लघुरूप आज आपण एस-जी-टी लिहितो, पण त्या काळच्या पदकांवर ते बऱ्याचदा एस-जे-टी असं सापडतं. ती चूक नाही. हुद्दा पदकावर एक आणि राजपत्रात दुसरा असंही होतं, कारण युद्धात तात्पुरते हुद्दे सर्रास दिले जात.

या सगळ्यात सैनिक क्रमांक सर्वात मोलाचा. स्मिथ आणि जोन्स शेकड्याने सापडतील, क्रमांक रेजिमेंटसकट घेतला की नेमका माणूस सापडतो. तो वहीत दोनदा लिहा, दुसऱ्यांदा उलटीकडून वाचून पडताळून.

विकत घेतलेलं पदक असेल तर आणखी एक तपासणी करा. कडेवरचं मूळ नाव घासून दुसरं नाव ठोकण्याचे प्रकार होतात. घासलेल्या पदकाचा व्यास किंचित कमी भरतो. व्हर्नियर कॅलिपरने दोन-तीन ठिकाणी माप घ्या आणि अक्षरांची जाडी सगळीकडे सारखी आहे का ते पाहा. शंका आली तर जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि कृपा करून पदक चकचकीत करू नका. चिंच, राख, भांडी घासायची पावडर यातलं काहीही लावू नका. प्रत्येक घासण्याबरोबर चांदी जाते आणि कडेवरची अक्षरं बुजतात. अक्षरं गेली की माणूस गेला.

दुसरी पायरी : लंडन गॅझेट

ब्रिटिश सरकारचं हे राजपत्र इंटरनेटवर मोफत पाहता येतं. पदकाची घोषणा त्यात छापलेली असते. तुम्हाला तिथे फार तर क्रमांक, हुद्दा, नाव, रेजिमेंट आणि ‘इटलीतील शौर्य व उल्लेखनीय सेवेबद्दल’ अशा अर्थाचं एक सामायिक वाक्य मिळेल. मिलिटरी मेडलची हकीकत राजपत्रात सहसा छापत नसत, तेव्हा ती सापडली नाही म्हणून खट्टू होऊ नका. घोषणा घटनेनंतर काही महिन्यांनी होई, हेही लक्षात असू द्या. राजपत्राच्या पुरवणीवर दोन वेगळ्या तारखा दिसल्या तर दोन्ही टिपून ठेवा. नावाने शोध लागला नाही तर सैनिक क्रमांकाने शोधा, कारण जुन्या छपाईतली अक्षरं यंत्राला नीट वाचता येत नाहीत.

तिसरी पायरी : शिफारसपत्र

खरा ऐवज इथे आहे. लंडनजवळच्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये ‘डब्ल्यूओ ३७३’ (डब्ल्यूओ म्हणजे वॉर ऑफिस) या मालिकेत दुसऱ्या महायुद्धातली शिफारसपत्रं जपलेली आहेत. त्यांच्या सूचीत नाव किंवा क्रमांक इंग्रजीत टाकला की नोंद समोर येते आणि कागदाची प्रत घरबसल्या उतरवून घेता येते. पहिल्या महायुद्धाच्या बाबतीत नशीब इतकं चांगलं नसतं. त्या काळातली मिलिटरी मेडलची बहुतेक शिफारसपत्रं उरलेलीच नाहीत, आणि सैनिकांच्या सेवापुस्तिकांचा मोठा भाग १९४० च्या बाँबहल्ल्यात जळून गेला. तिथे ‘डब्ल्यूओ ९५’ मधल्या युद्धडायऱ्यांवरच, म्हणजे पलटणींच्या रोजच्या नोंदींवरच, भर द्यावा लागतो.

शिफारसपत्र हा एक छापील फॉर्म असतो. घाईने मधला मजकूर वाचून बाजूला ठेवू नका, चारही बाजू वाचा.

वर ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर (पलटणीवरच्या, क्रमाने मोठ्या होत जाणाऱ्या तुकड्या) आणि युनिट लिहिलेलं असतं. पदकाच्या कडेवर बहुधा फक्त रेजिमेंट असते, पण एका रेजिमेंटच्या अनेक पलटणी वेगवेगळ्या देशांत लढत होत्या. नेमकी कोणती पलटण ते तुम्हाला या ओळीत कळतं. पुढची सगळी शोधाशोध त्यावर उभी आहे.

उजव्या बाजूला शिफारस करणाऱ्यांच्या सह्या : आधी पलटणीचा कमांडर, मग ब्रिगेडियर, मग डिव्हिजनचा जनरल, अशी साखळी थेट सेनापतीपर्यंत जाते. बाजूच्या रकान्यात कोणतं पदक द्यावं ते लिहिलेलं. कधी तिथे डीसीएम, म्हणजे डिस्टिंग्विश्ड कंडक्ट मेडल हे मिलिटरी मेडलपेक्षा वरचं पदक, लिहून नंतर खोडलेलं असतं आणि त्यावर एमएम अशी अक्षरं येतात. पलटणीला हा माणूस किती मोठा वाटत होता आणि वरच्यांनी त्याला कुठे बसवलं, ते त्या एका खोडीत वाचायला मिळतं. ‘इमीजिएट’ असा शेरा असेल तर पदक एका ठरावीक घटनेसाठी आहे. ‘पीरिऑडिक’ असेल तर अनेक महिन्यांच्या कामगिरीसाठी. इंटेलिजन्स सार्जंटच्या बाबतीत दुसरा प्रकार दिसला तर निराश होऊ नका. महिनोन्‌महिने रोज पुढे जाऊन पाहून येणं हे एका दुपारच्या धाडसापेक्षा कमी आहे असं मला मुळीच वाटत नाही.

मधल्या मजकुरातली विशेषणं बाजूला ठेवा. ‘स्वतःच्या जिवाची पर्वा न करता’ छापाची वाक्यं शेकडो शिफारसपत्रांत आहेत, कारण लिहिणाऱ्याला वरच्यांची मंजुरी हवी असे. तुम्ही तारीख, वेळ, अंतर, जागेचं नाव आणि क्रियापदं वेगळी काढा.

एक शिफारस जवळून

कॅनडाचा टॉमी प्रिन्स हा ओजिब्वे आदिवासी समाजातला सैनिक. अमेरिका आणि कॅनडा यांच्या संयुक्त ‘फर्स्ट स्पेशल सर्व्हिस फोर्स’मध्ये तो सार्जंट होता. इंटेलिजन्स सेक्शनचा म्हणण्यापेक्षा तो टेहळणीचा सार्जंट, पण काम याच जातीचं, आणि त्याचं प्रकरण शिकायला उत्तम आहे.

फेब्रुवारी १९४४, इटलीतल्या अँझिओच्या आघाडीवर, लिटोरियाजवळ. प्रिन्स एकटा पुढे गेला आणि जर्मन मोर्चांपासून जेमतेम दोनशे मीटरवरच्या एका ओसाड शेतघरात टेहळणीला बसला. मागे त्याने सुमारे दीड किलोमीटर टेलिफोनची तार अंथरली होती. तिच्यावरून तो शत्रूच्या जागा कळवत होता आणि मागून तोफा मारा करत होत्या. माऱ्यात तार तुटली. तेव्हा घरात सापडलेले शेतकऱ्याचे कपडे घालून तो दिवसाढवळ्या, जर्मनांच्या डोळ्यांदेखत शेतात उतरला. शेतकरी रानात काम करतो तसा वाकून वाकून तारेच्या वाटेने गेला, तुटलेली जागा सापडल्यावर बुटाची नाडी बांधल्यासारखं करत तार जोडली आणि परत येऊन माहिती द्यायला लागला.

आता मी म्हटलं तशी फोड करा. तारीख आहे, जागा आहे. दोन अंतरं आहेत : शत्रूपासून दोनशे मीटर, स्वतःच्या माणसांपासून दीड किलोमीटर. दोन्ही शेजारी ठेवली की तो कुठे बसला होता ते अंगावर येतं. क्रियापदं पाहा : गेला, अंथरली, पाहिलं, कळवलं, जोडली. त्याने गोळी झाडल्याचा उल्लेख कुठेच लागत नाही. टेहळणी आणि माहितीच्या माणसाचं शौर्य असंच दिसतं.

या कामगिरीबद्दल त्याला मिलिटरी मेडल मिळालं, पुढे अमेरिकेचं सिल्व्हर स्टारही मिळालं, आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात सहाव्या जॉर्जने त्याला दोन्ही पदकं दिली. युद्धानंतर मात्र हालअपेष्टांतच दिवस गेले आणि पदकं हातची गेली. १९७७ मध्ये तो वारला. पदकं लिलावात पुन्हा दिसली तेव्हा कुटुंबीयांनी वर्गणी जमवून ती परत मिळवली. आता ती विनिपेगच्या मॅनिटोबा म्युझियममध्ये आहेत. पदक विकायला काढलेल्या घरांना मी हे प्रकरण आवर्जून सांगतो.

चौथी पायरी : युद्धडायरी

प्रत्येक पलटण आघाडीवर असताना रोजची नोंद ठेवायची. फॉर्मवर रकाने ठरलेले : जागा, तारीख, वेळ, घटनांचा सारांश, आणि शेवटी जोडपत्रांचा संदर्भ. डायऱ्यांच्या मालिका आघाडीनुसार लावलेल्या आहेत. १९३९-४० ची फ्रान्समधली मोहीम डब्ल्यूओ १६७ मध्ये, मध्यपूर्व आणि वाळवंट १६९, इटली १७०, नॉर्मंडी आणि पुढचा वायव्य युरोप १७१, ब्रह्मदेश आणि आग्नेय आशिया १७२, ट्युनिशिया १७५. दुसऱ्या महायुद्धातल्या बहुतेक डायऱ्या इंटरनेटवर आलेल्या नाहीत. लंडनकडे कोणी नातेवाईक असेल तर त्याला सांगा. वाचकपत्र मोफत मिळतं आणि स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढायलाही पैसे पडत नाहीत.

त्या नातेवाइकाला एक गोष्ट ठासून सांगा : सगळी पानं, शेवटपर्यंत. लोक पुढची टंकलिखित पानं काढतात आणि मागचा गठ्ठा सोडून देतात. इंटेलिजन्स सार्जंट त्या मागच्या गठ्ठ्यात असतो. गस्तीचे अहवाल, शत्रूच्या हालचालींचे गोषवारे, पारदर्शक कागदावर काढलेले नकाशाचे आराखडे, कैद्यांकडून मिळालेली माहिती, हे सगळं जोडपत्रांत लावलेलं असतं.

वाचायला बसताना शिफारसपत्रातल्या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे दहा-दहा दिवस घ्या, एकच दिवस पाहून काही हाती लागत नाही. सार्जंटच्या नावाऐवजी ‘आयओ आणि गट’, ‘इंट सेक्शन’, ‘ओपी’ अशा खुणा शोधा. आयओ म्हणजे इंटेलिजन्स ऑफिसर, ओपी म्हणजे टेहळणीची जागा, पीडब्ल्यू म्हणजे युद्धकैदी, एफयूपी म्हणजे हल्ल्याआधी कंपन्या गोळा होण्याची जागा. ‘०५३० वाजता ओपीकडून कळलं की डोंगराच्या मागच्या बाजूला शत्रूची हालचाल’ अशा धर्तीची ओळ दिसली की थांबा. ते कळवणारा कोण असेल याचा विचार करा आणि शिफारसपत्राशी तारीख जुळवून पाहा.

जागा बऱ्याचदा गावाच्या नावाऐवजी उंचीने लिहिलेली असते. इटलीतल्या माँते कॅसिनोजवळचा पॉइंट ५९३ म्हणजे ५९३ मीटर उंचीचा तो माथा. फेब्रुवारी १९४४ मध्ये चौथ्या भारतीय डिव्हिजनमधली रॉयल ससेक्स पलटणीने त्यावर हल्ला केला होता. नकाशाचे सहा आकडी संदर्भ आजच्या मोबाइलच्या नकाशात थेट टाकून चालत नाहीत, कारण तेव्हाची चौकटपद्धत वेगळी होती. त्या काळच्या लष्करी नकाशाची प्रत मिळवा आणि त्यावर बोटाने जागा शोधा. मग तीच जागा आजच्या उपग्रहचित्रात पाहा. कोणत्या घरातून कोणता रस्ता दिसत होता हे कळल्यावर शिफारसपत्रातली कोरडी ओळही बोलायला लागते.

आपल्या घरातलं पदक असेल तर

दुसऱ्या महायुद्धात मिलिटरी मेडल भारतीय शिपायांनाही मिळालं. सातारा, कोल्हापूर, सांगली, रत्नागिरीकडच्या अनेक घरांतली माणसं मराठा लाइट इन्फंट्रीत होती. तिथे सार्जंटच्या जागी हवालदार वाचा. नावामागे एमएम असेल तर पणजोबा तेव्हा हवालदार, नाईक, लान्सनाईक किंवा शिपाई असणार. जमादार आणि सुभेदारांना मिलिटरी क्रॉस मिळे. यांशिवाय १९०७ पासून भारतीय सैनिकांसाठी इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल वेगळं होतं. दोघांची गल्लत करू नका.

पलटण कशी ओळखायची? कागदावर ‘३/५’ असं दिसलं तर ती पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण. १/५ आणि ३/५ इटलीत होत्या. ३/५ चे नाईक यशवंत घाडगे आणि १/५ चे शिपाई नामदेव जाधव या दोघांना तिथल्याच लढायांत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पहिल्यांना जुलै १९४४ च्या आणि दुसऱ्यांना एप्रिल १९४५ च्या शौर्याबद्दल. ४/५ ही ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, मार्च १९४४ मध्ये सांगशाकला. या पलटणींच्या डायऱ्याही वर सांगितलेल्याच मालिकांत शोधायच्या. पहिल्या महायुद्धातलं काही असेल तर रेजिमेंटचे क्रमांक वेगळे होते : १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७.

आपल्याकडे एक मोठी सोय आहे. ब्रिटिश सैनिकांना दुसऱ्या महायुद्धातले मोहिमेचे स्टार आणि पदकं नाव न घालता दिली गेली, पण भारतीय सैनिकांच्या त्याच पदकांवर नाव आणि क्रमांक ठोकलेले असतात. म्हणजे शौर्यपदक हरवलेलं असलं तरी ट्रंकेत पडलेल्या बर्मा स्टारच्या मागे तोच क्रमांक सापडू शकतो.

नावं शोधताना सैल हाताने शोधा. इंग्रज कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलंय. जाधवचं स्पेलिंग दोन-तीन प्रकारे करून पाहा, शिंदे, घोरपडे, मोहिते यांचंही तसंच. कधी आडनाव मुळीच नसतं, फक्त नाव आणि वडिलांचं नाव. रेजिमेंटचं सेंटर बेळगावला आहे. तिथे पत्र लिहिताना सैनिक क्रमांक, पलटण, गाव आणि तालुका या चार गोष्टी पहिल्या ओळीत द्या, लांबलचक कौटुंबिक इतिहास नंतर. गावातला वीरस्तंभ किंवा शाळेच्या भिंतीवरची नावांची पाटीही बघून घ्या. आणि घरातल्या म्हाताऱ्या आत्याला, काकूला आधी विचारा. नकाशे काढणारा, दुर्बीण घेऊन फिरणारा, कैद्यांशी बोलणारा असं आजोबांबद्दल काही त्यांनी ऐकलेलं असेल तर ते त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून घ्या. युद्धडायरी वाचताना कोणत्या खुणा शोधायच्या ते त्यातून ठरतं.

जपणूक

पदक आम्लरहित कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. हाताळताना कडेला धरा. दोन्ही बाजूंचे आणि संपूर्ण कडेचे फोटो काढून ठेवा, कड चार तुकड्यांत. शिफारसपत्राची प्रत, राजपत्राचं पान आणि डायरीची पानं एकाच फाइलीत, वर सैनिक क्रमांक ठळक लिहून. पहिल्या महायुद्धातल्या पदकांना आता शंभर वर्षं उलटून गेली आहेत आणि शंभर वर्षांवरच्या ऐतिहासिक वस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची बंधनं आहेत, तेव्हा परदेशातल्या लिलावात पाठवण्याआधी नियम विचारून घ्या. भावंडांत वाटणी करायची वेळ आली तर एक स्टार इकडे, एक मेडल तिकडे असं करू नका. सगळी पदकं एकत्र एका घरी आणि फाइलीच्या प्रती सगळ्यांकडे, असं ठरवा.